फवारणीच्या पंपावर क्यूआर कोड कसा लावायचा, अन् तो टिकवायचा कसा

पानठेल्यापासून दूध डेअरीपर्यंत सगळीकडे आता पैसे घ्यायचा कोड चिकटवलेला दिसते, पण त्याच चौकोनात पैशाशिवाय बाकी काहीही ठेवता येते, हे बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही. आपण इथं फवारणीचा पंप घेऊ. पंप कधी एका हातात राहत नाही, आज सालदाराकडे, उद्या मजुराकडे, परवा भावकीत कोणी मागून नेला, अन् औषधासोबतचा कागद एवढ्या बारीक अक्षरात असते का चष्मा लावूनही वाचवत नाही. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी अन् मजूर दगावले, ते इकडं कोणी विसरलं नाही. त्यामुळं सुरुवात पंपापासूनच करा, मोटरच्या पेटीचं नंतर पाहू.

आधी फोनवर आवाज रेकॉर्ड करा, दीड-दोन मिनिटं बस झाले. घरात बोलता तसंच बोला, पुस्तकी मराठी नको. एका पंपाला पाणी किती, औषध किती मिली, बुचानं अंदाज घ्यायचा नाही, वाऱ्याकडे तोंड करून फवारायचं नाही, नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकायचं नाही, मधात तंबाखू मळायचा नाही, पंप विहिरीवर धुवायचा नाही. डब्यावरच्या तिकोनाचाही रंग सांगून टाका: लाल सगळ्यात जहरी, मग पिवळा, निळा, हिरवा.

ही फाईल गूगल ड्राइव्हवर टाका अन् शेअरमध्ये जाऊन ‘लिंक असलेल्या कोणालाही’ पाहता येईल असं करा. इथंच गाडी अडते, कारण सेटिंग मुळात बंद असते, तुमच्या फोनवर उघडते अन् मजुराच्या फोनवर परवानगी मागत बसते. आता एक युक्ती: कोड थेट ऑडिओचा करू नका. एक साधं गूगल डॉक बनवा, त्यात चार ओळी अन् ऑडिओची लिंक टाका, डॉकलाही तीच परवानगी द्या (फक्त पाहायची, बदलायची नाही!) अन् कोड त्या डॉकचा करा. पुढच्या हंगामात औषध बदललं तर डॉकमध्ये बदल करायचा, पंपावरचं स्टिकर तेच.

कोड बनवायला वेगळं ॲप लागत नाही. क्रोममध्ये डॉकची लिंक उघडा, तीन टिंबं, शेअर, क्यूआर कोड, डाउनलोड. मधोमध छोटा डायनासोर येते, येऊ द्या. फुकट कोड देणाऱ्या वेबसाइट खूप आहेत, पण त्यातल्या काही स्वतःची लिंक मधात घुसवतात अन् ट्रायल संपली का तुमचा कोड मेला, छापलेले सगळे स्टिकर रद्दी.

हा कोड जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारांच्या टीमनं १९९४ मध्ये गाड्यांच्या पार्टसाठी काढला, कारखान्यात मळणार-घासणार हे धरूनच. म्हणून चूक दुरुस्तीच्या सगळ्यात वरच्या लेव्हलला जवळपास ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचल्या जाते. पण तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन अन् भोवतीची पांढरी जागा शाबूत पाहिजे, तिथं नाव-गाव छापायचा शौक करू नका.

साइजचा ठोकताळा असा का जेवढ्या अंतरावरून स्कॅन करायचं त्याचा दहावा भाग, म्हणजे हातभर अंतराला पाच सेंटिमीटर भरपूर. पंपाच्या टाकीवर चिकटवलं तर गोलाईमुळं कोड वाकते अन् औषधाचे ओघळ त्याच्यावरच येतात, त्यापेक्षा लॅमिनेट केलेलं कार्ड पट्ट्याला बांधा. घरच्या इंकजेटची शाई इकडच्या उन्हात उडते, लेझर प्रिंट नाहीतर फ्लेक्सवाल्याकडून व्हिनाइल घ्या. छापल्यावर गावातल्या सगळ्यात जुन्या फोननं, भर दुपारी, वावरात उभं राहून स्कॅन करा. तिथं चाललं तर सगळीकडे चालते.

वावरात रेंज नाही? मग कार्डाच्या मागं दुसरा कोड, लिंक नसलेला, नुसत्या मजकुराचा. बहुतेक फोन तो नेट बंद असतानाही दाखवतात, डेटा बंद करून पाहून घ्या. फक्त मजकूर आखूड ठेवा. कोडात जास्तीत जास्त २९५३ बाइट बसतात अन् मराठीतलं एकेक चिन्ह, काना-मात्राही, ३ बाइट खाते, म्हणजे हजार चिन्हंही नाही, अन् तेवढं ठासलं का चौकोन इतका बारीक होते का स्वस्तातला कॅमेरा हात टेकते. शंभरेक अक्षरांत आटपा.

कोडाखाली तो कशाचा आहे ते ठळक लिहा, ‘फवारणी कशी करावी, ऐका’ असं, नाहीतर पैशाचा समजून कोणी हात लावणार नाही. अन् त्याच्याखाली मोठ्या आकड्यात १०८. चक्कर आलेल्या माणसाजवळ कोणी स्कॅन करत बसत नाही, नंबर डोळ्यालाच दिसला पाहिजे.