गुरांना ज्वारी घालताय? आधी नीट भरडून घ्या

गोव्यात डिचोली-सत्तरीतल्या आपल्या लोकांना चोर्ला घाटातून बेळगावची ज्वारी आणणं सोपं पडतं, म्हणून मका महागला की हमखास विचारतात, ज्वारी चालेल का. चालते, चांगली चालते, पण अख्खी घालू नका. दाणा बारीक आणि कडक, गाय तो नीट चावत नाही, गिळते आणि बराचसा तसाच शेणातून बाहेर, म्हणजे पैसे शेणात. त्यात आतल्या स्टार्चला काफिरिन नावाच्या प्रोटीनने घट्ट धरलेलं असतं, त्यामुळे पोटातल्या चारा पचवणाऱ्या जंतूंना तो मक्यापेक्षा उशिरा मिळतो. कोरडी भरडलेली ज्वारी मक्याच्या साधारण 85 ते 95 टक्के काम देते, वाफवून चपटी केली तर जवळपास बरोबरी, पण ते मोठ्या फार्मवाल्यांचं काम, आपल्याला गिरण पुरे.

गिरणीवाल्याला सांगा पीठ नको, जाडसर भरडा पाहिजे, पण एकही दाणा अख्खा राहता नये. पीठ केलं तर धूळ उडते, गुरं तोंड फिरवतात आणि पोटात आम्ल वाढायची भीती. चार-पाच दिवसांनी शेण पाण्यात कालवून चाळणीत धुवा, अख्खे दाणे दिसले तर भरडा अजून बारीक करा.

सुरुवात मोठ्या कालवडीला पाव किलोपासून, मग दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. एकदम दोन किलो घातली तर रवंथ थांबू शकतं, शेण पातळ होऊ शकतं, तसं झालं की दाणा बंद करून लगेच डॉक्टरांना बोलवा.

नुसत्या ज्वारीवर वाढ होत नाही. प्रोटीन 9-11 टक्के, कॅल्शियम अगदी कमी, आणि आपल्याकडे सोबत भाताचा पेंढा, त्यातही प्रोटीन अगदी कमी. आंबोणात, म्हणजे दाणा-पेंडीच्या खुराकात, ज्वारी 30-40 टक्के ठेवा, बाकी खोबऱ्याची किंवा शेंगदाण्याची पेंड आणि कोंडा, वर 2 टक्के मिनरल मिक्श्चर, 1 टक्का मीठ.

घेताना पांढरी घ्या, गडद तपकिरी दाण्यात टॅनिन जास्त असू शकतं, त्याने प्रोटीन कमी पचतं. पावसात भिजून काळी पडलेली स्वस्त मिळते, ती घेऊच नका, बुरशीचं विष भरडून काय किंवा उन्हात घालून काय, जात नाही. आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा बघता भरडा आठवड्यापुरताच करा, पोती फळ्यांवर, भिंतीपासून लांब.