छाटणीनंतर गुलाबाचं खत-पाणी

परतीचा पाऊस ओसरला, ऑक्टोबरची छाटणी झाली की पहिला बहार साधारण ४५ दिवसांत येतो. या दीड महिन्यात खत कमी पडत नाही, भलत्या वेळी पडतं.

छाटल्याबरोबर युरिया नको. झाडावर पानच नाही, तो उचलणार कोण? आळं दोन-तीन इंच उकरा. जमिनीतल्या झाडाला अर्धं घमेलं कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड, १२ इंची कुंडीला दोन ओंजळी गांडूळखत आणि मूठभर पेंड घाला. शेणखत हाताला गरम लागलं किंवा शेणाचा वास आला, तर ते कच्चं आहे. त्यातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते.

तांबूस फुटवा बोटभर झाला की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला २ ग्रॅम, आठवड्यातून एकदा, ओल्या मातीतच द्या. वाटाण्याएवढी कळी दिसली की ते बंद करून त्याच मापाने ०:०:५० (नत्र नसलेलं, पालाशचं खत) सुरू करा. कळीवर नत्र दिलं तर पाला माजतो, कोवळ्या शेंड्यांवर मावा आणि भुरी (पांढरी बुरशी) येते, फूल मात्र मान टाकतं.

काळ्या, चुनखडीच्या जमिनीत हाडांच्या चुऱ्यावर पैसे घालवू नका. त्यातला स्फुरद तिथे मुळांना मिळत नाही. अशा जमिनीत कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर लोह कमी पडलंय. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) लिटरला १ ग्रॅम फवारा.

आता पाणी. रोज पाइप धरून शिंपडण्याची हौस अनेकांना असते. त्याने वरचा इंचभर थर भिजतो, मुळ्या वरच रेंगाळतात. मातीत दोन पेरं बोट घाला. कोरडं लागलं तरच पाणी द्या, पण भरपूर, कुंडीच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. खालची बशी काढून टाका. काळ्या जमिनीत वाफसा (माती ओलसर, पण चिकट नाही अशी स्थिती) आल्याशिवाय पुढचं पाणी नाही. आणि संध्याकाळी पानं भिजवू नका: पान सात-आठ तास ओलं राहिलं की काळ्या ठिपक्यांची बुरशी रुजते.

कलमाच्या जोडाखालून येणारा जंगली फुटवा मुळापासून ओढून काढा, नाहीतर सगळं खत तोच खातो.