चिप्स चाखताना तिखट शेवटी

रंकाळ्यावर दोस्तांसोबत नव्या चवीची पाकिटं फोडली, की पहिल्याच तिखटानं जीभ बधिर होते आणि पुढचं सगळं सारखंच लागतं. त्यावर आम्ही काढलेला उपाय:

१. १० रुपयांचीच पाकिटं घ्या.

२. आधी खारे, मग टोमॅटो, मग पुदिना. कोल्हापुरी मसाला कितीही खुणावला तरी सगळ्यात शेवटी.

३. एकानं चिप्स वाट्यांत ओतून पाकिटं लपवायची. नाव दिसलं की मत आधीच ठरतं. आमचा 'नंबर एक' झाकल्यावर पार बदलला.

४. मधे चार साधे चुरमुरे, ताकाचा घोट. पाण्यानं तिखट उतरत नाही, ताका-दुधानं उतरतं.

कुणाला शेंगदाणे किंवा दूध चालत नसेल, तर पाकिटं लपवण्याआधी मागची घटकांची यादी वाचाच.