मिसाईल बोटीवर जायचंय? आधी बारावीचं फिजिक्स घट्ट करा

लातूरला नौदल भरतीची तयारी करणारी पोरं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: "काका, मिसाईल बोट किती जोरात पळते?" पळते की! नॉर्वेच्या शोल्ड वर्गाच्या बोटी 60 नॉटच्या, म्हणजे ताशी साधारण 110 किलोमीटरच्या घरात जातात. पण या नोकरीत वर्षं काढल्यावर सांगतो, वेगाचं कौतुक बाहेरच्यांना. बोटीचं खरं काम लपायचं आणि शत्रूला आधी हेरायचं.

नॉर्वे-फिनलंडचा किनारा बेटांनी भरलेला. तिथं दोन-अडीचशे टनांची बोट बेटाला चिकटून उभी राहिली, की शत्रूच्या रडारवर बेट कुठं संपलं अन् बोट कुठं सुरू झाली तेच कळत नाही. मात्र त्या आडोशानं आपणही आंधळे होतो. पलीकडचं किनाऱ्यावरच्या रडारनं नाहीतर विमानानं कळवावं लागतं. रडारवर चालणारं मिसाईलही खडकाला फसू शकतं. नॉर्वेच्या एनएसएम या मिसाईलला म्हणूनच इन्फ्रारेड, म्हणजे उष्णता ओळखणारा डोळा आहे.

मोकळ्या समुद्रातही पृथ्वीची गोलाई आड येतेच. रडारला किती लांबचं दिसेल ते काढायला अँटेना आणि लक्ष्य यांची उंची मीटरमध्ये घ्या, दोन्हींची वर्गमुळं काढून बेरीज करा, 4.12 नं गुणा. 9 आणि 16 मीटर असतील तर उत्तर साधारण 29 किलोमीटर. त्यापलीकडचं जहाज बोटीच्या रडारला सहसा दिसत नाही. हे गणित ज्याला आवडलं, त्यानं या वाटेला यावं.

1971 च्या 4 डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या आपल्या मिसाईल बोटींनी कराचीवर हल्ला केला, तो सगळ्यांना पाठ असतो. त्या बोटींचा पल्ला तुटपुंजा होता, सोबत किल्तान, कच्छल ही मोठी युद्धजहाजं आणि तेलाचा टँकर पोशक होते, हे फार कुणी सांगत नाही.

नौसैनिक म्हणून जायचं तर बारावीला गणित-फिजिक्स सहसा हवं; बाकी अटी बदलतात, जाहिरात स्वतः वाचा. सुरुवातीचं ट्रेनिंग ओडिशात चिल्काला. पुढं इलेक्ट्रिकलवाले जामनगरच्या वालसुराला, तोफा-मिसाईलवाले कोचीच्या द्रोणाचार्यला. अधिकारी व्हायचं असेल तर दहावीनंतरच संभाजीनगरच्या एसपीआय या सरकारी संस्थेची चौकशी करा, तिथं एनडीए या सैन्य अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीच्या प्रवेशाची तयारी होते.

पोहणं विहिरीत शिकलेलं चालतं. आपल्याकडं उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात, तेव्हा पावसाळ्यानंतरचे महिने वाया घालवू नका. आणि बोट लागणार, म्हणजे मळमळ-उलट्या होणार, छोटी बोट तर हमखास लागते. त्यासाठी सुट्टी मिळत नाही. शेजारी बादली ठेवून रडारसमोर बसायचं.