शेतात सापडलेलं जुनं नाणं किंवा धातूची वस्तू ओळखायची कशी

नांगरट झाली आणि त्यावर एखादा जोराचा पाऊस पडून गेला की ढेकळं विरघळतात आणि वावरात काय काय वर येतं, त्यात आता ऑनलाइन मेटल डिटेक्टर मिळायला लागल्यापासून बरेच जण हौसेने फिरवून बघतात, बहुतेक वेळा हाती लागतं बाटलीचं बूच नाहीतर गुटख्याच्या पुडीची चांदी. पण कधीकधी खरंच जुनं काहीतरी निघतं, आणि मग सगळ्यात मोठी घाई होते ती घासून चकचकीत करायची. तीच करायची नाही.

आधी एक गोष्ट. हे सगळं आपल्या वावरापुरतं, किंवा मालकाला विचारून. गडकिल्ले, लेणी, संरक्षित स्मारकं इथे डिटेक्टर घेऊन जायचंच नाही, तिथे परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे.

पायरी १: उचलण्याआधी फोटो

वस्तू दिसली तिथेच शेजारी आजचं रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा, मोबाईलवर लोकेशन सेव्ह करा, किती खोल होती ते लिहून ठेवा. आणि मातीकडे बघा. काळ्या रानात मधेच पांढुरकी, राखेसारखी माती, त्यात खापऱ्या, बांगड्यांचे तुकडे, हाडं असली तर ती पांढर, म्हणजे जुनी वस्ती. पण यात एक गोम आहे, पूर्वी लोक पांढरीची माती गाड्या भरून नेऊन शेतात टाकायचे, त्यामुळे नाणं तुमच्या रानात सापडलं म्हणजे वस्ती तिथेच होती असं नाही, ते मातीबरोबर गाडीतूनही आलेलं असेल. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांना माहीत असतं.

जागेला इतकं महत्त्व का? अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये झाडाचं मूळ खणताना गावातल्या माणसाला हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ अशा चार धातूच्या मूर्ती सापडल्या, सगळ्या मिळून ६० किलोच्या वर. पण त्या शास्त्रशुद्ध उत्खननात थरातून निघालेल्या नव्हत्या, म्हणून त्यांच्या काळावरून अभ्यासकांमध्ये वाद झाले ते झालेच.

पायरी २: चिंच, लिंबू, राख, पितांबरी सगळं लांब ठेवा

तांब्यावरचा हिरवा-तपकिरी थर हीच त्याची कातडी असते, अक्षरं बऱ्याचदा त्या थरातच टिकलेली असतात, थर गेला की अक्षरंही गेली. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा, माती सैल झाली की बाभळीच्या काट्याने किंवा टूथपिकने अलगद काढा, नीट सुकवा. फिकट हिरवी पावडर सुटत असेल तर धातू आतून खात चाललाय, ते नाणं सिलिका जेलच्या पुड्या टाकून कोरड्या डबीत ठेवा.

पायरी ३: धातू कोणता

लोहचुंबक चिकटलं की लोखंड, सोपं आहे. हिरवं म्हणजे तांबं, पितळ किंवा कासं. काळपट पडलेलं, चांदी असू शकते. पांढरट राखाडी, हाताला जड आणि नखाने ओरखडा उठणारं ते शिसं. सोन्याला काहीच होत नाही. शंका असेल तर सोनाराच्या छोट्या डिजिटल काट्यावर आधी वस्तूचं वजन घ्या, मग पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य करा आणि वस्तू दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. आता जेवढे ग्रॅम दिसतील त्याने वस्तूच्या वजनाला भागा. उत्तर ८.९ च्या आसपास आलं तर तांबं, १०.५ चांदी, ११.३ शिसं, १९ सोनं. भेसळीचा धातू असेल तर आकडा मधेच कुठेतरी येतो.

पायरी ४: नाणं असेल तर

उन्हात सपाट ठेवून बघू नका, अंधाऱ्या खोलीत बाजूने टॉर्च मारा, झिजलेलं अक्षरसुद्धा उठून दिसतं.

आपल्याकडे सापडायची शक्यता जास्त ती शिवराईची. तांब्याची, ओबडधोबड गोल, एका बाजूला तीन ओळीत ‘श्री / राजा / शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र / पति’, भोवती ठिपक्यांची कड. पण लगेच महाराजांच्या काळातली म्हणून स्टेटस टाकू नका, कारण १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास सुरू झालेलं हे नाणं पुढे पेशवाईतही पाडलं जात होतं, मजकूर साधारण तोच. जुनी शिवराई भरते ११ ते १३ ग्रॅम, नंतरच्या हलक्या होत गेल्या, आणि अक्षरांच्या मधे दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी, उशिराची. ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा म्हणून अक्षरं अर्धवट कापलेली असतात, ते नॉर्मल आहे. उलट सगळी अक्षरं मधोमध सुबक आली असतील आणि कडेला साच्याची रेघ दिसत असेल तर मला ते नाणं ओतीव नक्कल वाटेल.

तराजू आणि त्यात फारसी लिपीत ‘अदल’ म्हणजे न्याय, असं असेल तर ते कंपनी सरकारचं मुंबई इलाख्याचं नाणं. मधे मोठं भोक असलेला पैसा १९४३ ते १९४७ चा. एका बाजूला हत्ती आणि दुसऱ्या बाजूला चार गोळे अधिक चिन्हाने जोडलेले दिसले, धातू शिसं किंवा पोटीन (तांबं, कथील, शिसं यांचं मिश्रण), तर सातवाहन असण्याची दाट शक्यता, ही मात्र जाणकाराला दाखवाच. कोकणात दुमडलेली चांदीची तार सापडली तर हेअरपिन समजून फेकू नका, ती लारी असू शकते, अरबी अक्षरांचा ठसा असलेलं आदिलशाहीतलं चलन.

आणि ते राम-सीता-हनुमान असलेलं ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ वालं? कंपनीने असं नाणं कधी काढलंच नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर लाखाची किंमत कितीही फिरू दे. तांदूळ स्वतःकडे ओढून घेतं म्हणून खपवल्या जाणाऱ्या ‘राइस पुलर’ भांड्याचीही तीच गत, तो सरळसरळ फसवणुकीचा धंदा आहे.

पायरी ५: नाणं नसेल तर

बहुतेक वस्तू शेतीच्या आणि घरच्याच: बैलाचे नाल, फाळाचं टोक, गाडीच्या धावेचा तुकडा, घुंगरं, जोडवी, चुन्याची डबी. देव कोरलेला चांदीचा पातळ पत्रा म्हणजे देव्हाऱ्यातला टाक. शिशाची पांढरट गोळी, साधारण १७ मिलिमीटरची आणि ३० ग्रॅमच्या आसपास, ती बंदुकीची, आणि शेत जर असईसारख्या ठिकाणी असेल, जिथे २३ सप्टेंबर १८०३ ला इंग्रज आणि मराठ्यांची लढाई झाली, तर तिची जागा नकाशावर मांडायलाच हवी. लोखंडी गोळा दिसला आणि त्याला भोक असेल तर तो पोकळ असू शकतो, आत दारू असू शकते, हात न लावता ११२ ला फोन करा.

पायरी ६: कळवायचं कुणाला

१८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून लागू आहे. जमिनीत सापडलेलं धन १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. लोक घाबरून गप्प बसतात, पण त्याच कायद्यात सापडवणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हिस्साही धरलेला आहे हे कुणी सांगत नाही. ओळख पटवायला पुण्यातलं डेक्कन कॉलेज किंवा नाशिकजवळ अंजनेरीची नाणकशास्त्र संस्था इथे विचारता येतं. अर्जात काय सापडलं, किती, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख एवढं लिहा, पायरी १ चे फोटो जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घ्या.