चाळिशीनंतरचा घाम, सोलापूरचा उन्हाळा आणि मुगाचं पाणी
पाळी मागेपुढे व्हायला लागली की आधीच अंगातनं वाफा निघतात, त्यात आपला एप्रिल-मे, पारा ४२च्या पुढं, रात्री उशी घामानं भिजते. चिनी वैद्यकात याला यिन कमी झालं म्हणतात, म्हणजे शरीरातला गारवा-ओलावा आटला. उन्हाळ्यात तिकडं मुगाचं पाणी पितात, आणि मूग तर आपल्या घरातच! अख्खे हिरवे मूग भरपूर पाण्यात उकळा, सालं फुटायला लागली की वरचं हिरवट पाणी गाळून कोमट प्या, फोडणी-तिखट काही नको. शेंगाचटणीला पण या दिवसांत जरा हात आखडताच बरा, जीवावर येतं पण फरक पडतो.
झोपताना आतल्या घोट्याच्या चार बोटं वर, नडगीच्या हाडामागं अंगठ्यानं दोनेक मिनिटं दाबायचं, या पॉइंटला सान्यिनजियाव म्हणतात. दिवस राहिल्याची शंका असेल तर मात्र अजिबात नको, या वयातही राहू शकतात बरं का. ऑनलाइन मिळणारं डांग्गुई, म्हणजे एक चिनी औषधी मुळी, रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर घेऊ नका. आणि वर्षभर पाळी बंद राहून परत रक्त दिसलं तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा.