डोंगरातील मुक्कामी भटकंतीला प्रथमच निघणाऱ्यांसाठी वेळेचा हिशेब

पाठीवर मुक्कामाचे सामान घेऊन डोंगरात चालणाऱ्या गटात नव्याने सामील होताना आपली क्षमता केवळ किलोमीटरमध्ये सांगू नये, कारण सपाट रस्त्यावर सहज कापलेले 15 किलोमीटर 1000 मीटर चढाच्या वाटेवर अगदी निराळे ठरतात. यासाठी स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये मांडलेला ठोकताळा अजूनही उपयोगी पडतो : दर 5 किलोमीटरला एक तास धरावा आणि दर 600 मीटर चढाईमागे आणखी एक तास मिळवावा. या हिशेबाने वरील वाटेला 4 तास 40 मिनिटे लागतात. परंतु त्यात विश्रांती, निसरडी वाट किंवा जड पिशवी यांपैकी काहीच धरलेले नाही, म्हणून नवख्याने हा वेळ निदान दीडपट, म्हणजे सुमारे सात तास मानावा, असे माझे मत आहे.

निघण्यापूर्वी एकदा पाणी आणि शिधा यांसह पूर्ण भरलेली पिशवी घेऊन जवळच्या चढावर दोन-तीन तास चालून पाहावे (रिकाम्या पिशवीची रंगीत तालीम कामाची नाही). जड वस्तू पाठीलगत ठेवाव्यात आणि कमरेचा पट्टा नितंबाच्या हाडांवर आधी घट्ट करून मगच खांद्याचे पट्टे ओढावेत, म्हणजे बरेचसे वजन कमरेवर येते. या चालीत लागलेला वेळ, पिशवीचे वजन आणि उतरताना गुडघे दुखले असल्यास तेही, गटप्रमुखाला मार्ग ठरण्यापूर्वीच स्पष्ट सांगावे.